प्लेगची लस आणि पुढे केलेला हात : मुंबई ते मुल्कोवाल, १८९६–१९०७

१० जानेवारी १८९७. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत छत्तीस वर्षांच्या एका शास्त्रज्ञाने आपण नुकतीच तयार केलेली प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मात्रा होती दहा घन सेंटिमीटर. पुढे सर्वसामान्यांना दिली गेलेली मात्रा याहून पुष्कळ कमी होती. त्याला ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला आणि काही दिवसांत दोन्ही उतरले. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते.

लस कशी तयार झाली, ही हकिकत अनेकदा सांगितली जाते. त्याहून अवघड प्रश्न निराळा आहे. ज्या शहरात जमाव सरकारी रुग्णालयावर चालून गेला होता, त्याच शहरातली माणसे एका परक्या माणसाच्या सुईखाली दंड द्यायला कशी तयार झाली? आणि पाच-सहा वर्षांनी पंजाबातल्या एका खेड्यात असे काय घडले, की मिळवलेला विश्वास हातातून निसटला? हा थ्रेड त्या विश्वासाविषयी आहे. अंमळ लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम मांडवी. सप्टेंबर १८९६ मध्ये गोदीलगतच्या या दाट वस्तीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस रोगी तपासत होते. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे; मुंबईत त्यांचा दवाखाना होता आणि नगरपालिकेतही त्यांना स्थान होते. काखेत आणि जांघेत गाठ, तीव्र ताप आणि थोडक्या दिवसांत मृत्यू, अशी लक्षणे पाहून त्यांनी हा प्लेग असल्याचे उघडपणे सांगितले. हे धाडसाचे होते. प्लेग हा शब्द एकदा बाहेर पडला की मुंबईच्या जहाजांना जगभरची बंदरे बंद होणार, हे प्रत्येक व्यापाऱ्याला आणि प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक होते. म्हणून सुरुवातीला 'गाठीचा ताप' यांसारख्या सौम्य शब्दांवर वेळ मारून नेण्याची धडपड झाली.

ही टाळाटाळ थोड्याच दिवसांची होती, परंतु तिची किंमत मोठी होती. लोकांना गल्लीत प्रेते दिसत होती, आणि ज्यांच्याकडून खरी माहिती मिळायची तेच अडखळत होते. अशा पोकळीत अफवेला जागा मिळते. व्हिएगसांचे महत्त्व येथे आहे. त्यांनी केवळ निदान केले नाही, तर पुढे गल्लोगल्ली हिंडून स्वतःच्या हाताने सुमारे अठरा हजार लोकांना लस टोचली असे सांगितले जाते. ज्या माणसाने सर्वांत आधी कडू बातमी दिली, त्याच्याच हातून पुढे लोकांनी औषध घेतले. धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर उभा असलेला पुतळा त्यांचाच. त्याच्याकडे मान वर करून पाहणारे विरळाच.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेने फर्मान काढले. घरात रोगी असल्याचा संशय आला तरी त्याला उचलून रुग्णालयात नेण्याचा आणि घर ताब्यात घेऊन धुऊन काढण्याचा अधिकार आयुक्तांकडे आला. कागदावर हे शहाणपणाचे होते. चाळीत मात्र त्याचा अर्थ असा झाला की आजारी आईला अनोळखी माणसे झोळीत घालून नेतील, तिला कोणाच्या हातचे पाणी मिळेल याची खात्री नाही, आणि ती परत येईल याची तर नाहीच.

शेवटची भीती अगदी खोटी नव्हती. लोक रोग्याला लपवत, त्यामुळे तो सापडे तेव्हा शेवटच्या घटका मोजत असे. असा रोगी आर्थर रोडच्या रुग्णालयात पोहोचला की बहुधा तेथून त्याचे प्रेतच निघे. ते पाहून शेजारचे आपल्या रोग्याला आणखी उशिरापर्यंत लपवत. रुग्णालयात गेला तो मेला, हा निष्कर्ष अडाणीपणाचा म्हणून हिणवला गेला. पण तो डोळ्यांदेखतच्या पुराव्यावर बेतलेला होता. चुकले होते ते कारण.

मग कारणे रचली गेली. गोरे लोक माणसाला उलटे टांगून त्याच्या देहातून 'मोमियाई' काढतात ही जुनी भीती पुन्हा जागी झाली. मोमियाई म्हणजे माणसाच्या शरीरातून काढलेले गुणकारी तेल, अशी समजूत. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाच्या भरपाईसाठी राणीला मुंबईकरांची काळजे हवी आहेत, अशीही वदंता पसरली. या अफवांना हसणे सोपे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे दस्तऐवज म्हणून पाहावे. सरकारला आपला देह हवा आहे, ही त्यांतली मध्यवर्ती कल्पना आहे. आणि झोळी घेऊन दारात आलेला शिपाई नेमके तेच म्हणत होता.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्यानंतर सक्ती काहीशी सैलावली. भंगी आणि गिरणी कामगार गाव सोडून गेले तर शहरच बंद पडेल, हा धाक महापालिकेला होता. लोक तरीही गेलेच. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या आसपास भरलेल्या या शहरातून १८९७ च्या आरंभापर्यंत निम्म्याच्या जवळपास माणसे बाहेर पडली. बोरीबंदरच्या गाड्यांतून प्लेगही त्यांच्यासोबत कोकणात आणि देशावर गेला.

हे सारे चालू असताना हाफकिन मुंबईत आला. त्याचा जन्म १८६० चा, ओडेसाचा, धर्माने ज्यू. रशियात ज्यूंना विद्यापीठात धड जागा मिळत नव्हती, म्हणून तो पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेला. तेथे त्याने पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचली. स्वतःवर प्रयोग करणे हा त्याच्या दृष्टीने पराक्रम नव्हता. दुसऱ्याकडे हात मागण्यापूर्वी आपला पुढे करायचा, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

त्याची शिकवणी कलकत्त्यात झाली होती. १८९४ मध्ये काटाल बागान नावाच्या वस्तीत पटकी फिरली, तेव्हा तो आणि त्याचे भारतीय सहकारी डॉक्टर तेथे गेले. दोनशेच्या आसपास लोकांपैकी एकशे सोळा जणांनी लस टोचून घेतली. पुढच्या काळात त्या वस्तीत पटकीने जे मेले ते न टोचलेल्यांपैकी होते. ही बातमी सरकारी राजपत्रातून पसरली नाही. एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत गेली. हाफकिनने तेथे एक गोष्ट पक्की ओळखली असावी. वस्तीतले काही टोचलेले आणि काही न टोचलेले शेजारी शेजारी राहत असतील, तर आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. लोक स्वतःच मोजतात.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढे मिळाले. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली आणि १० जानेवारीला त्याने ती स्वतःला टोचून घेतली. जानेवारी संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घेतली. टोचल्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसून आला ते वगळता, लस घेतलेल्यांत दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांत बाराजणांना झाला आणि सहा मेले. कैद्यांनी आपखुशीने हात पुढे केले असे नोंदलेले आहे. तुरुंगातल्या खुशीला खुशी म्हणावे का, ही शंका आजच्या वाचकाला यावी, आणि ती रास्त आहे.

त्यानंतर दमण. दमण पोर्तुगीज अंमलाखाली होते, म्हणजे ब्रिटिशांचा प्लेगचा कायदा तेथे लागू नव्हता. १८९७ च्या वसंतात तेथे रोगाने कहर केला. गावात राहिलेल्या ८,२३० लोकांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली होती. त्यांतले ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. म्हणजे एकीकडे शेकडा दोनहून कमी आणि दुसरीकडे शेकडा चोवीसहून अधिक.

आकडा जबरदस्त आहे, पण त्याला एक छिद्र आहे. लस घ्यायला जे पुढे येतात ते बहुधा अधिक सावध, अधिक सुस्थितीतले, कदाचित हवेशीर घरांत राहणारे असतात. ते कमी मेले याचे श्रेय लसीचे की घराचे? हाफकिनला हा आक्षेप ठाऊक होता. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करण्यात आले. त्याच घरातल्या, त्याच ताटात जेवणाऱ्या काही माणसांना टोचायचे आणि काहींना नाही. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला त्यांचा हिशेब असा झाला : टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले, न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले.

या दोन ओळींवर क्षणभर थांबावे. सव्वीस म्हणजे एका लहान गावातली सव्वीस माणसे, आणि त्यांच्या अंथरुणाशेजारी वाचलेले त्यांचेच भाऊ, मुले, सुना. याहून ठसठशीत पुरावा शास्त्राला मिळाला नसता, आणि गावालाही. परंतु तो ज्या पद्धतीने मिळवला गेला ती पद्धत आज कोणतीही नीतिसमिती संमत करणार नाही. हाफकिनचा गौरव करताना उंढेऱ्याचे हे ओझे बाजूला ठेवता येत नाही.

आता पुण्याकडे वळावे लागते. कारण लसीकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले हे त्या वर्षी पुण्यात काय घडले त्यावरून ठरत होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली खास प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून मे महिन्यापर्यंत सोजिरांनी घरे तपासली. देवघरे, माजघरे, बायकांचे अंग, काहीही सुटले नाही. सामान रस्त्यावर फेकले आणि जाळले गेले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. हा भाग मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असतो.

कमी बोलले जाते ते पुण्यातल्या दुसऱ्या दोन ठिकाणांविषयी. एक म्हणजे हडपसरजवळच्या ससाणे मळ्यातला, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी चालवलेला दवाखाना. तेथे रोग्याला आणण्यासाठी बंदूक लागत नव्हती. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दुसरे म्हणजे टिळकांनी पुढाकार घेऊन काढलेले हिंदू प्लेग रुग्णालय. टिळकांचा विरोध स्वच्छतेला किंवा रोगी वेगळा ठेवण्याला नव्हता. 'केसरी'ने लोकांना उपाय करून घेण्याचाच उपदेश केला होता. विरोध होता तो पद्धतीला. मळ्यातला दवाखाना आणि हिंदू रुग्णालय यांच्यात जातीचे आणि विचारांचे केवढे तरी अंतर होते. तरीही लोक दोन्हीकडे आपल्या पायांनी गेले, कारण रोग्याच्या उशाशी कोण बसणार हे त्यांना आधी कळत होते.

मुंबईच्या प्रशासनाला हे थोड्या उशिराने उमगले. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटॅकरच्या अध्यक्षतेखाली तेथेही प्लेग समिती आली आणि घरझडत्याही झाल्या. परंतु तिने शेठ-महाजन, मौलवी, वैद्य, हकीम यांना बरोबर घेतले आणि जातवार, पंथवार रुग्णालये उघडू दिली. जातिभेद पोसणारी सोय म्हणून त्यांवर टीका करता येते आणि ती अस्थानी नाही. मात्र ज्या चाळीतून कालपर्यंत रोगी लपवला जात होता, तेथूनच तो आपल्या जातीच्या रुग्णालयात आपण होऊन जाऊ लागला, हेही नोंदवले पाहिजे.

लसीच्या बाबतीत मुंबईतला सर्वांत बोलका प्रसंग खोजा समाजाचा. त्यांचे इमाम आगाखान तिसरे तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होते. समाजात लसीविषयी प्रचंड धास्ती होती. आदेश काढला असता तर तो बहुधा पाळला गेला असता. आगाखानांनी आदेशावर विसंबण्याऐवजी अनुयायांच्या देखत स्वतःला टोचून घेतले, आणि तेही एकदा नव्हे. ही बातमी शक्य तितक्या लवकर, शक्य तितक्या दूर जाईल अशी व्यवस्था त्यांनी केली, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. पाठोपाठ हजारो खोजांनी लस घेतली. हाफकिनची खोली अपुरी पडू लागली तेव्हा आगाखानांनी आपले माझगावचे 'खुशरू लॉज' त्याच्या प्रयोगशाळेसाठी दिले.

यात एक बारकावा आहे. इमामांनी एकदा टोचून घेतले असते तर श्रद्धाळूंना म्हणता आले असते, की त्यांना काय होणार, ते इमाम आहेत. पुन्हा पुन्हा टोचून घेतल्याने पाहणाऱ्यांना त्यांचा ताप दिसला, सुजलेला दंड दिसला आणि आठ दिवसांनी तोच माणूस धडधाकट दिसला. लसीने ताप येतो, हे हाफकिनही लपवत नव्हता. उलट ताप येणे ही लस लागू पडल्याची खूण मानली जाई. 'काहीही होणार नाही' असे सांगून टोचलेल्या माणसाला रात्री फणफणून ताप आला असता, तर दुसऱ्या दिवशी त्या चाळीत कोणी दार उघडले नसते. त्रास आधी सांगितला होता, म्हणून तो आला तेव्हा सांगणारा खरा ठरला.

मुंबई इलाख्याच्या दक्षिणेला हुबळीत १८९८ साली हे सारे मोठ्या प्रमाणावर घडले. रेल्वेचा कारखाना, कापसाची गिरणी आणि पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. कॅप्टन लॉयमन या डॉक्टराने तेथे लसीची मोहीम चालवली. धारवाड जिल्ह्यात ॲलिस कॉर्थॉर्न या स्त्री-डॉक्टर याच कामावर होत्या. पडद्यातल्या आणि उंबरठ्याआतल्या बायकांसाठी हा फरक लहान नव्हता. पावसाळा संपेपर्यंत हुबळीत तीस हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली.

हुबळीकरांच्या या उत्साहामागे निव्वळ शास्त्रावरचा विश्वास होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लस घेतलेल्याला एक दाखला मिळे. तो खिशात असेल तर घरातून उठवून छावणीत नेले जात नसे. झोळी, छावणी आणि सोजीर यांनी गांजलेल्या माणसाला तो कागद म्हणजे अभयपत्र होते. अनेकजण लसीसाठी नव्हे, कागदासाठी आले असणार. पण एकदा आल्यावर त्यांनी शेजाऱ्यांची मोजदाद केलीच. श्रावण-भाद्रपदात रोगाने उचल खाल्ली, तेव्हा न टोचलेल्यांच्या घरांतून अंत्ययात्रा निघताना सर्वांनी पाहिल्या. कागदासाठी आलेली माणसे घरच्यांना घेऊन परत आली ती या पाहण्यामुळे.

सर टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग आयोगाने सारा पुरावा तपासला. लसीने रोगाचा आणि मृत्यूचा धोका लक्षणीय प्रमाणात कमी होतो, संरक्षण पूर्ण नाही, असा त्याचा तोललेला निष्कर्ष होता. दरम्यान ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. जेथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत तेथे आता मटणाच्या रश्शाने भरलेल्या काचेच्या भांड्यांत तूप सोडून प्लेगचे जंतू वाढवले जाऊ लागले. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतूंचे झुपके खाली लोंबत. हाफकिनने मांसासाठी बोकड निवडला होता, गाय किंवा डुक्कर नव्हे. हा निर्णय प्रयोगशाळेतला असला तरी त्याचा परिणाम मोहल्ल्यात आणि वाड्यात होणार हे तो जाणून होता.

आणि मग मुल्कोवाल.

१९०२ च्या शरदात पंजाबात लसीची फार मोठी मोहीम आखली गेली. पंजाबात सुईविषयी अफवा होत्याच : ती हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, वाचलाच तर सहा महिन्यांनी कोसळतो, पुरुषाचे पौरुष जाते, बाई वांझ होते. तरीही लोक येत होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकोणीस जणांना '५३-एन' क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली. आठवडाभरात त्या एकोणीस जणांत धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. एकोणीसही मेले. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांना काही झाले नाही.

आतापर्यंत लोकांनी जी मोजदाद करून विश्वास ठेवला होता, तीच मोजदाद आता उलटी फिरली. टोचलेले मेले, न टोचलेले जगले. अफवा सुईला मरण म्हणत होती, आणि एका गावापुरती ती शब्दशः खरी ठरली होती.

चौकशी आयोग बसला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे अध्यक्ष होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, लस दूषित झाली असावी असे आयोगाचे मत पडले. हाफकिनने लस लवकर आणि मुबलक तयार व्हावी म्हणून नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळले होते, त्यावर ठपका आला. त्याला पदावरून दूर करण्यात आले आणि तो इंग्लंडला गेला. पण साक्षीत आणखी एक गोष्ट होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ती बाटली आधीपासून दूषित असती, तर उघडताना दुर्गंधी यायला हवी होती; तशी ती आली नव्हती.

आयोगाचा अहवाल लोकांसमोर आला तो १९०६ च्या अखेरीस. म्हणजे घटनेनंतर चार वर्षे पंजाबातल्या शेतकऱ्याला एवढेच ठाऊक होते की एकोणीस माणसे मेली, साहेबाला काढून टाकले आणि सरकार गप्प आहे. खुलासा न होणे हाच त्याच्यासाठी खुलासा होता. दुर्घटनेने लसीवरचा विश्वास जेवढा तुटला, तेवढाच तो या मौनामुळे तुटलेला राहिला असे म्हणायला जागा आहे. १८९६ मध्ये मांडवीत 'गाठीचा ताप' म्हणत वेळ काढणारे आणि १९०३ नंतर कागद दाबून बसणारे सरकार एकाच समजुतीवर चालत होते : लोकांना थोडके सांगितले की ते शांत राहतात.

अहवाल छापला गेल्यावर शास्त्रज्ञांनी तो वाचला आणि त्यातला तर्क त्यांना पटला नाही. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांचे पत्र छापून आले. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेल्या रॉसने हे प्रकरण लावून धरले होते. प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध होत नाही, असे त्या पत्राचे म्हणणे होते. त्याच वर्षी हाफकिनवरचा ठपका दूर झाला आणि तो भारतात परतला. मात्र परळला नव्हे, कलकत्त्याला. फ्रान्समधल्या ड्रायफस खटल्याशी या प्रकरणाची तुलना झाली ती हाफकिनच्या ज्यूपणामुळे आणि उशिरा मिळालेल्या न्यायामुळेही.

ज्या १९०७ साली लंडनमध्ये हा वाद मिटत होता, त्या एका वर्षात पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसे मेली. लस तेव्हा उपलब्ध होती. परळहून बाटल्या निघत होत्या, दक्षिणेत आणि पश्चिमेत लोक ती घेतही होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेग-लसीच्या दोन कोटी साठ लाखांच्या आसपास मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिनचे नाव देण्यात आले. त्या वेळी तो युरोपात होता. १९३० मध्ये लोझान येथे त्याचा मृत्यू झाला. मुल्कोवालच्या एकोणीस जणांची नावे मात्र या साऱ्या गाजलेल्या वादात फारशी कोठे वाचायला मिळत नाहीत. बाटलीचा क्रमांक सर्वत्र मिळतो.